बोलेनासे झालेले पाऊल

वैशाखातल्या एका सकाळी ७२ वर्षांचे एक निवृत्त गुरुजी सपत्नीक तपासणीसाठी आले. आदल्या दिवशी भर दुपारी त्यांनी ग्रामदैवताला अनवाणी अकरा प्रदक्षिणा घातल्या होत्या. देवळाचे आवार दगडी फरशीचे आणि ऊन रणरणते. घरी येऊन ते जेवले, वर्तमानपत्र वाचले आणि रात्री स्वस्थ झोपी गेले. मध्यरात्री काकूंना चादरीवर ओले डाग दिसले. दिवा लावून पाहतात तो दोन्ही तळव्यांना मोठाले फोड आलेले आणि त्यांतला एक फुटून वाहत असलेला. गुरुजी मात्र गाढ झोपेत होते.

"डॉक्टर, मला खरोखर काही कळलेच नाही," ते ओशाळून म्हणाले. "पाय दुखत नाहीत म्हणजे पाय चांगले आहेत, असेच मी इतके दिवस समजत होतो."

गुरुजींना मधुमेह होऊन १४ वर्षे झाली होती. गोळ्या नियमित चालू होत्या, साखर 'बऱ्यापैकी' असे. परंतु या १४ वर्षांत त्यांच्या पायांतील मोजे काढून कोणी तळवे पाहिले नव्हते आणि त्यांनीही कधी तसा आग्रह धरला नव्हता. त्या जखमा भरून यायला पुढे सहा आठवडे लागले. वेळीच लक्ष गेले म्हणून पाय वाचला. आजच्या लेखात मधुमेहात मज्जातंतूंना होणाऱ्या या मूक इजेचा विचार करू. हा विचार जितका रुग्णाने करायचा, तितकाच त्याची सेवा करणाऱ्या घरच्या मंडळींनीही करायचा आहे.

वेदना ही राखणदार

वेदना कोणालाच नको असते. तरीही ती शरीराची राखणदार आहे. चपलेत खडा शिरला की आपण थांबून तो झटकतो. एकाच जागी फार वेळ उभे राहिलो की नकळत भार दुसऱ्या पायावर टाकतो. हे सारे वेदनेच्या सूचनेवरून घडते. ही सूचनाच बंद झाली तर काय होते, हे पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने आपल्याच देशात राहून जगाला दाखवून दिले.

ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात झाला. १९४६ नंतर वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांवर उपचार करताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. कुष्ठरोगाने बोटे आपोआप झडतात, हा समज चुकीचा होता. संवेदना गेल्यामुळे रुग्ण तापलेले भांडे तसेच उचलत, पायात काटा रुतला तरी तसेच चालत राहत. काहींची बोटे तर रात्री झोपेत उंदीर कुरतडत आणि त्यांना जागही येत नसे. बोटे जात ती या लक्षात न आलेल्या जखमांमुळे. पुढे १९६६ साली ब्रँड अमेरिकेत गेले आणि मधुमेहींच्या बधिर पावलांनाही हाच नियम लागू पडतो, हे त्यांनी तेथे मांडले. कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेली मऊ एमसीआर रबराची चप्पल आज मधुमेहींनाही दिली जाते, ती याच जाणिवेतून.

मज्जातंतूंना इजा का होते?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना कधी ना कधी मज्जातंतूंचा विकार, म्हणजेच डायबेटिक न्यूरोपॅथी, जडतो. तो का जडतो, हे थोडक्यात समजून घेऊ.

स्नायूंच्या पेशींत साखर शिरण्यासाठी इन्सुलिनची गरज भासते. मज्जातंतूंचे तसे नाही. रक्तात साखर वाढली की ती मज्जातंतूंतही मुक्तपणे वाढते. या जादा साखरेचे तेथे सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात रूपांतर होऊ लागते आणि त्या खटाटोपात पेशीचे स्वतःच्या संरक्षणाचे साहित्य खर्ची पडते. दुसरीकडे साखर प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बिघडविते. तिसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. प्रत्येक मज्जातंतूला पोसणाऱ्या केसांहून बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यांच्या भिंती जाड होतात, मार्ग अरुंद होतो आणि मज्जातंतूची उपासमार होऊ लागते.

सुरुवात पायांच्या बोटांपासूनच का होते, असा प्रश्न अनेक जण विचारतात. कमरेतून निघून अंगठ्यापर्यंत पोहोचणारा मज्जातंतू सुमारे एक मीटर लांब असतो. कालव्याला पाणी कमी पडले की प्रथम कोरडे पडते ते शेवटच्या टोकाचे शेत. शरीरातही लांबात लांब मज्जातंतूचे टोक आधी सुकते. म्हणून बधिरता दोन्ही पायांच्या बोटांत सुरू होते, मोजा चढवावा तशी हळूहळू घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत चढते. ती गुडघ्याजवळ पोहोचली की हातांच्या बोटांनाही मुंग्या जाणवू लागतात.

केवळ साखर हेच कारण नसते. उच्च रक्तदाब, रक्तातील वाढलेली चरबी, स्थूलता, तंबाखू, मद्यपान, मूत्रपिंडाचे विकार या सर्वांचा त्यात वाटा असतो. तंबाखू म्हटले की आपल्याकडे विडी-सिगारेट आठवते. परंतु दात घासण्यासाठी वापरली जाणारी मिश्री हीदेखील भाजलेली तंबाखूच आहे, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना आवर्जून सांगावे लागते.

ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे आणखी एक कारण. ती असली तरी पायांना अगदी अशाच मुंग्या येतात. मधुमेहाच्या उपचारात सर्वाधिक वापरले जाणारे मेटफॉर्मिन हे उत्तम औषध आहे. मात्र ते अनेक वर्षे घेणाऱ्यांच्या शरीरात ब-१२चे शोषण कमी होऊ शकते. त्यातून माणूस शाकाहारी असेल, किंवा आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे गोळी घेत असेल, तर ही कमतरता अधिकच संभवते. गुरुजींचे ब-१२ तपासले तेव्हा ते बरेच कमी निघाले. म्हणून मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नये. रक्तातील ब-१२ मात्र अधूनमधून तपासून घ्यावे. ही कमतरता भरून काढता येते, आणि ती जितक्या लवकर ओळखली जाईल तितका लाभ अधिक.

लक्षणांची अनेक रूपे

काहींच्या पायांची रात्री आग होते, सुया टोचल्यासारखे वाटते, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. काहींना कापसावरून चालल्याचा भास होतो. चपला पायातून केव्हा निसटली, हे काहींना कळत नाही. अंधारात किंवा न्हाणीघरात डोळ्यांवर पाणी घेताना तोल जाणे, हेही एक लक्षण आहे, कारण पाऊल कोठे टेकले आहे याची खबर मेंदूला मिळेनाशी होते. पुष्कळांना तर गुरुजींप्रमाणे काहीच जाणवत नाही, आणि खरी चिंता या शांत पायांचीच असते.

आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या कामांचे मज्जातंतूही या विकारात सापडतात. मग अंथरुणातून उठताच रक्तदाब घसरून घेरी येते, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते, लघवी पूर्ण होत नाही, पायांना घाम येईनासा होऊन त्वचा कोरडी पडते आणि टाचांना भेगा पडतात. साखर उतरली असता होणारी थरथर व धडधड जाणवेनाशी होते. हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता येऊ शकतो. म्हणून मधुमेही वृद्धाला अकारण दम लागला, दरदरून घाम आला किंवा विलक्षण गळून गेल्यासारखे वाटले, तर 'दुखत तर नाही ना' असे म्हणून स्वस्थ बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

घरी करता येणारी एक परीक्षा

प्रकार दोनच्या मधुमेहात निदान झाल्या दिवशीच, आणि प्रकार एकमध्ये पाच वर्षांनंतर, पायांची तपासणी करावी आणि पुढे ती दर वर्षी करीत राहावी, असा वैद्यकीय दंडक आहे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून आणि कंप पावणारा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून डॉक्टर संवेदना पाहतात. ही तपासणी वेदनारहित असून पाच-दहा मिनिटांत होते. ती झाली नसेल तर पुढच्या भेटीत मोजे काढून बसावे आणि 'माझे पाय पाहा' असे निःसंकोच सांगावे.

दोन भेटींच्या मधल्या काळात घरच्या घरी करता येईल अशी एक सोपी परीक्षा इंग्लंडमधील इप्स्विच येथील डॉक्टरांनी सुचविली आहे. रुग्णाला पाय पसरून आडवे करावे आणि डोळे मिटायला सांगावे. आधी उजवा पाय कोणता, डावा कोणता हे त्याला स्पर्श करून सांगावे. नंतर आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या पायाच्या बोटाच्या शेंड्याला एक-दोन सेकंद अलगद टेकवावे. दाबू नये, चोळू नये, गुदगुल्या करू नयेत. स्पर्श जाणवताच त्याने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणावे. असे प्रत्येक पायाचा अंगठा, करंगळी आणि मधले बोट, म्हणजे एकूण सहा ठिकाणी करावे. एखाद्या ठिकाणी उत्तर आले नाही तर तेथे पुन्हा स्पर्श करून 'संधी' देऊ नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणचे स्पर्श कळले नाहीत, तर पायांची संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. काकूंनी गुरुजींची ही परीक्षा घेतली तेव्हा त्यांना सहांपैकी एकच स्पर्श कळला. आयुष्यभर इतरांना गुण देणारे गुरुजी त्या दिवशी गंभीर झाले.

प्रतिबंध : साखर, पण तारतम्याने

साखरेवरील नियंत्रणाने मज्जातंतू वाचतात, याचा भक्कम पुरावा आहे. अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात प्रकार एकच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्यांत मज्जातंतुविकाराचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले. प्रकार दोनमध्ये, म्हणजे आपल्या बहुसंख्य वाचकांच्या बाबतीत, साखरेच्या नियंत्रणाचा मज्जातंतूंना लाभ होतो, पण इतका ठळक नाही. म्हणून साखरेच्या जोडीला रक्तदाब, वजन, चरबी आणि तंबाखू यांचाही बंदोबस्त करावा लागतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत तारतम्य हवेच. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी सर्वांना ठाऊक आहे. प्रकृती ठणठणीत असलेल्या वृद्धाने तो आकडा ७ ते ७.५च्या आत ठेवावा; परंतु अनेक आजार असलेल्या किंवा परावलंबी वृद्धाच्या बाबतीत तो ८च्या आत असला तरी पुरे, असे सामान्यतः मानले जाते. आपला आकडा कोणता, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अतिउत्साहाने साखर फार खाली नेली, तर घेरी येऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे हे संकट मधुमेहाहून मोठे ठरते. शिवाय दीर्घकाळ फार वाढलेली साखर झपाट्याने उतरविल्यास काहींच्या पायांत नव्याने तीव्र वेदना सुरू होतात. उतार बेताबेतानेच बरा.

पायांची रोजची सांभाळणी

आता घरातल्या सेवेकऱ्यांसाठी. वृद्ध माणसाला वाकून आपला तळवा पाहता येत नाही. डोळेही साथ देत नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास पाच मिनिटे त्याच्या पायांसाठी राखून ठेवावीत. सोबतीला कोणी नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यात तळवा पाहावा.

पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाणी किती गरम आहे, हे रुग्णाच्या पायाने नव्हे तर सेवा करणाऱ्याच्या कोपराने पारखावे. बोटांच्या बेचक्या मऊ फडक्याने कोरड्या टिपाव्यात, कारण तेथील ओलाव्यात चिखल्या होतात. तळव्यांना व टाचांना खोबरेल तेल किंवा साधे मलम लावावे, बेचक्यांत मात्र लावू नये. नंतर फोड, भेग, लालसरपणा, काळसर डाग, नखाच्या कडेची सूज यांचा शोध घ्यावा. दोन्ही पायांना हाताच्या पाठीने स्पर्श करून एक पाय दुसऱ्याहून गरम तर नाही ना, हे पाहावे.

नखे सरळ कापावीत, कोपऱ्यांत खोल शिरू नये. कुरूप किंवा घट्टा झाला तर ब्लेडने तासू नये आणि बाजारात मिळणारी कुरूप जाळणारी पट्टीही लावू नये. घरातही अनवाणी फिरू नये. पादत्राणे मागून पट्टा असलेली, पुढून रुंद आणि आतून मऊ असावीत; अंगठ्याची चप्पल बधिर पायाला योग्य नव्हे. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय किंचित सुजलेले असतात. पायात घालण्यापूर्वी पादत्राण उलटे करून झटकावे आणि आत हात फिरवून पाहावा. मोजे सुती, फिक्या रंगाचे आणि सैल काठाचे असावेत. फिक्या रंगावर रक्ताचा वा पुवाचा डाग लगेच दिसतो.

देवदर्शन सोडा, असे कोणी सांगणार नाही. मात्र ते सकाळी लवकर करावे आणि जाड सुती मोजे घालून करावे. दुचाकीचा तापलेला सायलेन्सर, थंडीतली शेगडी, रबरी पिशवीचा शेक, यांपासून पाय दूर ठेवावेत. ज्या घरात उंदरांचा वावर आहे, तेथे मधुमेही माणसाने जमिनीवर झोपू नये आणि पाय झाकून झोपावे.

काही प्रचलित समजुती

पायांची आग झाली की काशाच्या वाटीने तूप चोळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हलक्या हाताने केल्यास त्याने बरे वाटते, यात शंका नाही. परंतु त्याने मज्जातंतू सुधारत नाहीत, आणि बधिर तळव्यावर जोरात घासल्यास त्वचा सोलवटून निघते. भेगा किंवा जखम असताना तर ते टाळावेच. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसणे हेही तितकेच धोक्याचे.

'ताकदीची' इंजेक्शने किंवा ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने वर्षानुवर्षे घेऊ नयेत. कमतरता नसताना त्यांचा उपयोग नाही. उलट ब-६ जीवनसत्त्वाचे अतिसेवन स्वतःच मज्जातंतूंना इजा करते.

वेदना शमविण्यासाठी प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी परिणामकारक औषधे आहेत. रात्रीची झोप परत मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ही औषधे वेदना कमी करतात, मज्जातंतू पूर्ववत करीत नाहीत. वृद्धांना त्यांनी गुंगी येऊ शकते, तोल जाऊ शकतो. ॲमिट्रिप्टिलिनने प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी आपण घेऊ नये.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पायाला जखम किंवा फोड झाला असेल, मग तो दुखो वा न दुखो. लाली पसरत असेल. दुर्गंधी किंवा पू येत असेल. बोट काळे-निळे पडले असेल. पायाच्या तक्रारीसोबत ताप किंवा थंडी असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. एकच पाऊल अचानक सुजले, गरम झाले आणि फारसे दुखत नसले, तर आतली हाडे खचत असण्याचा संभव असतो. अशा पायावर भार न देता त्याच दिवशी दाखवावे. 'मुरगळला असेल' असे म्हणून चालत राहिल्यास पावलाचा आकार कायमचा बिघडतो.

एकदा मृत झालेले मज्जातंतू सहसा पुन्हा जिवंत होत नाहीत, हे सत्य स्वीकारावे लागते. परंतु उरलेले सांभाळणे आणि बधिर झालेल्या पावलाला जखम होऊ न देणे पुष्कळ अंशी आपल्या हाती असते.

गुरुजी आता दर तीन महिन्यांनी येतात. ब-१२ची कमतरता भरून निघाली आहे. हातांच्या मुंग्या गेल्या, तळवे मात्र अजून बधिरच आहेत. यंदाच्या वैशाखात त्यांनी प्रदक्षिणा घातल्या त्या पहाटे, पायांत मोजे घालून. परवा आले तेव्हा खुर्चीवर बसताच त्यांनी न सांगता मोजे काढले. शेजारी बसलेल्या काकू हसून म्हणाल्या, "यांचे पाय काही बोलत नाहीत ना आता, म्हणून रोज संध्याकाळी मीच त्यांची विचारपूस करते."

वाचकहो, आपल्या घरातही अशी दोन मुकी पावले असतील. आज दिवेलागणीला त्यांची विचारपूस करावी, एवढीच विनंती.